वहिनी काठाने चालत राहिल्या

माझ्या थोरल्या दिरांना बावन्नाव्या वर्षी संथ जगण्याचा झटका आला. त्याआधी त्यांना मॅरेथॉनचा झटका येऊन गेला होता, मग घरी आंबवलेल्या पिठाच्या पावाचा, मग पहाटे थंडगार पाण्यात डुंबण्याचा. त्यांचा प्रत्येक झटका वर्षभर टिकतो आणि ते वर्ष घरातल्या बाकीच्यांनी सोसायचं असतं. पावाच्या वर्षी वहिनींच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी ठेवायला जागा उरली नव्हती.

संथपणा मात्र डॉक्टरी होता. ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये भावजींना स्वतःच्याच टीममधल्या लोकांची नावं आठवेनात, धाप लागली, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी बर्न-आउट म्हणून त्यांना घरी बसवलं. नेदरलँड्समध्ये यात लाजण्यासारखं काही नाही. उलट तुम्हाला एक कोच मिळतो. कोचने सांगितलं, वेग कमी करा. भावजींनी हे वाक्य अशा थाटात उचललं की जणू क्लायंटने नवीन रिक्वायरमेंट पाठवली आहे आणि ती सगळ्यांच्या आधी डिलिव्हर करायची आहे.

कापेल गावातल्या आपल्या घरी सोफ्यावर बसून ते इंग्लंडमधल्या अरुंद होड्यांचे व्हिडिओ बघू लागले. निवृत्त इंग्रज नवरा-बायको, दोघांच्या हातात चहाचे मग, होडी माणसाच्या चालीने कालव्यातून चाललेली, दोन्ही बाजूंना मेंढ्या. व्हिडिओत काहीही घडत नाही. बराच वेळ काहीही घडत नाही आणि मग एक बदक येतं. ती बदकं भावजी आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. खाली लिहायचे, 'धिस इज लाइफ.' माझा नवरा प्रत्येक बदकाला अंगठा दाखवायचा. तो दादाचा धाकटा भाऊ आहे आणि आजही दादासमोर त्याचा आवाज निम्मा होतो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या ऑफिसात वीस जणांवर हुकूम चालवतो, आणि दादाचा फोन आला की उभा राहतो.

इंग्लंडला जायचं तर व्हिसा हवा. भावजींनी अर्ज उघडला आणि तिसऱ्या पानावर त्यांना पुन्हा धाप लागली, तेव्हा तो बेत बारगळला. मला वाटलं, सुटलो. पण मग त्यांना शोध लागला की एका म्हाताऱ्या इंग्रजाने आपली तसलीच एक होडी ट्रकवर घालून समुद्रापलीकडून इकडे आणली आहे, आमच्या फोरबर्गलाच कालव्यात बांधून ठेवली आहे आणि उन्हाळ्यात तो ती भाड्याने देतो. झालं. ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, भावजी, वहिनी, माझा नवरा आणि मी, त्या होडीतून फोरबर्गहून युट्रेख्टला जाणार असं ठरलं. आठवडाभराचा प्रवास. मी युट्रेख्टला विद्यापीठात काम करते. रोज आगगाडीने जाते आणि दुपारचा डबा निवायच्या आत पोचते.

"आठवडा?" मी नवऱ्याला म्हटलं. "मी तिथे रोज जाते रे."

"दादाला बरं वाटेल," तो म्हणाला. त्याच्या लेखी विषय तिथे संपला.

माझं काम पाण्यातल्या शेवाळावर आहे. कालव्याच्या पाण्यात उन्हाळ्यात काय काय वाढतं हे मला सूक्ष्मदर्शकाखाली ठाऊक आहे, त्यामुळे कालव्याकाठी लोक हळवे होतात तेव्हा मला नेहमी थोडं हसू येतं. पण तोही मुद्दा घरात कोणी विचारात घेतला नाही.

होडी बाहेरून देखणी होती हे मान्य करते. गडद हिरवी, बाजूला लाल गुलाबांची वेलबुट्टी, पितळेची चकचकीत कडी. आत गेल्यावर कळलं की तो एक लांबलचक पॅसेज आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पलंगावर बसायचं, मग दुसऱ्याने पुढे जायचं. न्हाणीघरात पाठीला साबण लावायचा तर दार उघडून कोपर बाहेर काढावं लागे. शेगडीच्या दोन बर्नरपैकी एक कामापुरता पेटायचा. संडासाबद्दल मी लिहीत नाही. त्याची टाकी रिकामी करणं हे काम भावजींनी पहिल्याच दिवशी माझ्या नवऱ्याला दिलं आणि त्याने ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं.

म्हाताऱ्या इंग्रजाने होडी ताब्यात देताना एवढंच सांगितलं की मागचा सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते आणि उजवीकडे ढकलला की डावीकडे. "आणि घाई करू नका," तो म्हणाला. भावजींनी मान डोलावली. त्यांनी नाविकाची टोपी आणली होती. इंग्लंडमध्ये लॉकचे, म्हणजे होडी पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या कुंडाचे, दरवाजे प्रवाशांना स्वतः उघडावे लागतात, त्यासाठीचा लोखंडी हँडलही त्यांनी मागवला होता. इथे लॉक म्हणजे काय, तर पूल उचलणारा आणि दरवाजे उघडणारा माणूस कुठल्यातरी कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो आणि तो बटण दाबतो. तो हँडल सगळ्या देशात कशालाही लागत नव्हता. भावजींनी तरी तो पट्ट्याला अडकवला.

पहिलं लॉक लायडस्खेनडामचं. कापेलहून भावजी आणि वहिनी आदल्या संध्याकाळीच आले होते, आणि वहिनींनी भाजणी, मेतकूट, दोन प्रकारच्या चटण्या, लाडू, असं आठ दिवसांचं सामान डब्यांत भरून आणलं होतं. त्या एका डेकेअरमध्ये काम करतात. दिवसभर डच पोरांची नाकं पुसतात, घरी येऊन भावजींचं वर्ष सांभाळतात. वहिनींबद्दल मला तोवर फारसं काही वाटत नव्हतं हे खरं. 'हो, हो' म्हणणारी बाई असं मी त्यांना मनात ठरवून टाकलं होतं आणि 'हो, हो' म्हणणाऱ्या माणसांचा मला कंटाळा येतो.

त्या लॉकच्या दोन्ही अंगांना कॅफे आहेत. शनिवारची दुपार, ऊन, बाहेरच्या खुर्च्या भरलेल्या. लोक बिअर घेऊन होड्यांची मजा बघायलाच येतात. आमची लांब हिरवी सुरनळी आत शिरली आणि सगळ्या माना वळल्या. भावजींनी दांडा चुकीच्या बाजूला ढकलला. होडीचं नाक समोरच्या पांढऱ्या बोटीकडे निघालं.

"दोर! दोर टाक! अगं फेक ना!" ते वहिनींवर ओरडले. "लेफ्ट! नो, माय लेफ्ट! क्या कर रही हो!"

आमच्या घरात हिंदी कोणी बोलत नाही. भावजी घाबरले की त्यांना हिंदी सुचतं. वहिनींनी दोर फेकला, तो काठावरच्या खुंटीपर्यंत न पोचता पाण्यात पडला. त्यांनी तो ओला ओढून काढला आणि पुन्हा फेकला. या वेळी एका टेबलावरच्या माणसाने उठून तो खुंटीला अडकवला आणि सगळ्या कॅफेने टाळ्या वाजवल्या. भावजींनी टोपी काढून अभिवादन केलं. टाळ्या त्यांना होत्या असं त्यांना वाटलं होतं. मग दरवाजे बंद झाले आणि पाणी वीतभर उतरलं. एवढ्यासाठीच तो सगळा तमाशा. वहिनींच्या कुर्त्यावर हिरवं शेवाळ लागलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडलं आणि आत चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी 'स्टँड-अप' सुरू झाला. ऑफिसात उभ्या-उभ्या दिवसाची कामं वाटून घेतात तो प्रकार. होडीचं छत इतकं खाली की माझ्या नवऱ्याला मान वाकडी करून उभं राहावं लागे. भावजी विचारायचे, "काल काय झालं? आज काय करायचं? काही ब्लॉकर्स?" वहिनी म्हणायच्या, "गॅस संपत आलाय." भावजी म्हणायचे, "ओके, पार्क करू, नंतर बघू." आणि मग ते आम्हाला सांगायचे की आज अमुक पुलापाशी अमुक वेळी पोचलंच पाहिजे, कारण संध्याकाळच्या रहदारीत पूल उघडत नाहीत. संथ जगण्याचं इतकं कडक वेळापत्रक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दिवसभर ते मागे दांड्यापाशी उभे, फोन काठीला लावलेला, स्वतःचं चित्रण चाललेलं. "फ्रेंड्स, इथे टाइम थांबतो," असं ते फोनला सांगायचे आणि मग आम्हाला ओरडायचे, "लवकर, लवकर, पूल उघडतोय!" त्यांच्या त्या फ्रेंड्सना मी ओळखते. ते ऑफिसात बसून हृदयं पाठवतात आणि हसतात.

लायडनच्या पुढे जुन्या ऱ्हाइन नदीला लागल्यावर प्रदेश मात्र मोकळा झाला. सपाट हिरवी कुरणं, पाण्यापेक्षा खाली असलेल्या गायी, शेताच्या टोकाला खांबावर करकोच्यांचं घरटं. वहिनी पुढच्या बाजूला माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी घरटं पाहिलं आणि मागे वळून हाक मारली.

"अहो, जरा थांबता येईल का इथे? करकोचे आहेत, पिल्लं दिसतायत."

"शेड्यूलमध्ये नाही अगं. पुढचा पूल जाईल."

"दहा मिनिटं फक्त."

"परतताना बघू."

परत आम्ही येणार नव्हतोच. होडी युट्रेख्टलाच सोडायची होती, तो इंग्रज ती तिथून घेऊन जाणार होता. वहिनींनाही ते माहीत होतं. "हो, बरं," त्या म्हणाल्या. मला त्यांची चीड आली. भावजींची तर येतच होती, पण ती जुनी आणि सवयीची होती. वहिनींची नव्याने आली. इतकं 'बरं' कुठून आणतात?

आल्फनपाशी एक मालवाहू बार्ज आमच्या शेजारून गेली. कंटेनरनी भरलेली, चाळीएवढी. भावजी त्या वेळी फोनला सांगत होते की पाण्यावर माणसाचा अहंकार गळून पडतो. बार्जच्या लाटेने आमची होडी आडवी हलली, आतली भांडी खाली आली आणि मेतकुटाचा डबा उघडून सगळा पॅसेज पिवळा झाला. वहिनी गुडघ्यांवर बसून ते पुसत होत्या तेव्हा भावजी वरून म्हणाले, "सगळं नीट बंद करून ठेवायला नको? बोटीवर सेफ्टी फर्स्ट असते." माझ्या नवऱ्याने फडकं घेतलं आणि तो वहिनींना मदत करू लागला.

त्या दिवशी दुपारी वहिनींनी दुसऱ्यांदा थांबायला सांगितलं. कारण संडासाची टाकी भरली होती आणि काठावर एक कॅम्पिंगची जागा दिसत होती. "नेक्स्ट स्टॉपला," भावजी म्हणाले. पुढचा मुक्काम अडीच तासांनी आला. एका बाईला अडीच तास थांबवून ठेवणाऱ्या माणसाला निवांतपणा या विषयावर बोलायचा काय अधिकार, असं मी नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

बोडेग्राव्हनला आम्ही चौथ्या दिवशी सकाळी पोचलो. गावाआधी एका शेताच्या फाटकापाशी लाकडी टेबल होतं आणि त्यावर आलुबुखारांच्या पिशव्या मांडलेल्या. विकणारं कोणी नाही, शेजारी डबी ठेवलेली, घ्या आणि पैसे टाका. फळं जांभळी, वर पांढरट भुकटीसारखा थर, उन्हात चमकत होती.

"अहो, आलुबुखार आहेत," वहिनी म्हणाल्या.

भावजी फोनशी बोलत होते.

गावातल्या लॉकआधी थांबायचा लाकडी धक्का आहे. पूल बंद होता, म्हणून होडी धक्क्याला लावायची होती. वहिनी नेहमीप्रमाणे दोर घेऊन काठावर उतरल्या. मी पुढच्या टोकाला बांबू धरून उभी. नवरा आत कांदा चिरत होता.

"आवळून धर!" भावजी मागून ओरडले. "खुंटीला नको, हातात धर, लगेच निघायचंय! अगं अशी काय उभी राहतेस, पाय रोव! किती दिवस झाले, अजून साधा दोर धरता येत नाही?"

हे ते सगळ्यांसमोर म्हणाले. धक्क्याजवळच्या बाकावर दोन म्हाताऱ्या डच बायका सायकली टेकवून बसल्या होत्या, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. त्या वळून बघू लागल्या.

वहिनींनी हातातल्या दोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. मासळीबाजारात भाव न पटल्यावर बाई हातातला मासा परत ठेवते तसा तो चेहरा होता. त्या वाकल्या, दोराची व्यवस्थित गुंडाळी केली आणि ती माझ्या पायाशी होडीत टाकली. मग त्यांनी पायाने होडीला हलकासा रेटा दिला.

होडी धक्क्यापासून सुटली. सुरुवातीला काही कळलंच नाही, इतकी ती हळू सुटली. मग मधे हातभर पाणी दिसलं, मग पुरुषभर.

"ए! दोर! दोर सुटला!"

"सुटला नाही," वहिनी म्हणाल्या. "मी सोडला."

"काय? आता वर कशी येणार तू?"

"नाही येत. तुम्ही चला पुढे. मी चालते."

आणि त्या खरंच चालू लागल्या. हातात काही नाही, खांद्याला पर्स, पायात त्या घरी घालायच्या निळ्या चपला. बाकावरच्या बायकांपैकी एकीने त्यांना 'दाख' म्हणून नमस्कार केला, वहिनींनीही केला. मला हसू फुटलं. मी बांबू धरून वाकून हसत होते आणि मागून भावजी मला विचारत होते की हा काय प्रकार आहे. होडी तोवर आडवी होऊन पलीकडच्या काठाला लागली होती, आणि पुलावर एक डिलिव्हरीवाला सायकल थांबवून आमचं चित्रण करत होता.

त्या होडीचा वेग माणसाच्या चालीइतका होता. हेच तर तिचं वैशिष्ट्य, व्हिडिओत सारखं सांगतात. त्यामुळे बोडेग्राव्हनचा पूल आणि लॉक पार करून आम्ही बाहेर पडलो तेव्हा वहिनी आमच्या बऱ्याच पुढे होत्या. नदीच्या काठाने रस्ता आहे. मधे मधे घरं, बागा, झाडं. त्या घरांमागे दिसेनाशा व्हायच्या, मग पुढच्या मोकळ्या जागी पुन्हा दिसायच्या, पिवळा कुर्ता, एकसारखी चाल. भावजींनी वेग वाढवला. होडीने आवाज मोठा केला, धूर जास्त सोडला आणि फरक काही पडला नाही.

एकदा त्या एका बाकावर बसल्या. आम्ही समोर आलो.

"अगं, पुरे आता!" भावजी पाण्यावरून ओरडले. "लोक बघतायत!"

"बघू देत."

"जेवणाचं काय?"

हा प्रश्न त्यांनी सगळ्या प्रश्नांमधून निवडून विचारला. वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आपण नीट ऐकलं ना याची त्या खात्री करत असाव्यात.

"भाजणी डब्यात आहे," त्या म्हणाल्या. "पाणी घालून मळा."

उठल्या आणि निघाल्या. आम्ही मागे पडलो.

त्यानंतर पुढे त्या पुन्हा दिसल्या तेव्हा त्यांच्या हातात आलुबुखारांची पिशवी होती. त्या वाटेवरही कुठेतरी तसंच टेबल असणार. नदी तिथे अरुंद होते. मला पुढच्या टोकाला बघून त्या काठाशी आल्या, एक फळ उचललं आणि माझ्याकडे फेकलं. नेम चुकला, फळ पाण्यात पडलं. दुसरं फेकलं, ते माझ्या हातात आलं. गरम होतं, उन्हाने. मी ते तिथेच उभ्या-उभ्या खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला.

"गोड आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"खूप!"

"मलाही दे की," मागून माझा नवरा म्हणाला. तो भाजणीच्या पिठाने भरलेले हात घेऊन वर आला होता. वहिनींनी त्यालाही एक फेकलं. भावजींना नाही. भावजींनी मागितलंही नाही. ते दांडा धरून सरळ समोर बघत होते आणि फोन खिशात होता.

वूर्डनला त्या धक्क्यावर आमची वाट बघत बसल्या होत्या. चपला काढून पाय गवतावर सोडलेले. अंगठ्याला फोड आला होता आणि त्यांचा चेहरा उन्हाने तांबूस झाला होता. मी त्यांना इतकं टवटवीत कधी पाहिलं नव्हतं. भावजी होडीतून उतरले, टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ना मनासारखं? ये आता. चहा घे."

"मी युट्रेख्टला जातेय," वहिनी म्हणाल्या. "गाडीने. पोरीकडे."

त्यांची मुलगी युट्रेख्टला शिकते, एका खोलीत राहते.

"आत्ता?"

"आता अर्ध्या तासाने आहे एक."

"आणि आम्ही?"

"तुम्ही या की सावकाश."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, माझी खात्री आहे. त्यांना टोमणे येत नाहीत. त्यांनी होडीतून आपली बॅग घेतली, मला म्हणाल्या, "लाडू वरच्या फडताळात आहेत," आणि स्टेशनकडे गेल्या. चालताना जरा लंगडत होत्या.

मीही त्यांच्याबरोबर जायला हवं होतं असं माझी बहीण म्हणते. मी गेले नाही कारण मला भावजी काय करतात ते बघायचं होतं. तेवढी करमणूक माझी हक्काची होती.

काय केलं त्यांनी? पहिल्या संध्याकाळी थालीपीठ करायला घेतलं आणि तव्यावरच दोन तुकडे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँड-अप घेतला. माझ्या नवऱ्याने मान वाकडी करून उभं राहायच्याऐवजी पलंगावर बसून घेतलं. "काही ब्लॉकर्स?" भावजींनी विचारलं.

"दादा," नवरा म्हणाला, "तू वहिनीला फोन कर."

आवाज पूर्ण होता. मी चहाचा कप खाली ठेवला. भावजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "रात्री करतो." केला नाही. हार्मेलनपाशी होडी गाळात रुतली तेव्हा दोघा भावांनी अर्धा दिवस बांबूने ढकलण्यात घालवला आणि त्यात बोलायची वेळच आली नाही, याचं दोघांनाही बरं वाटलेलं मला दिसत होतं. माझ्या नवऱ्याचं कौतुक इथवरच.

युट्रेख्टच्या धक्क्यावर फक्त पुतणी आली होती. सायकलवर, केस ओले. लहानपणापासून ती मराठी समजते आणि उत्तर अर्धं दुसऱ्या भाषेत देते.

"आई नाही आली?" भावजींनी विचारलं.

"झोपलीये. शी इज टायर्ड."

"रागावलीय का फार?"

पुतणीने खांदे उडवले. "नाही बाबा. शी जस्ट डिडन्ट लाइक द बोट."

भावजींना हे उत्तर झेपलं नाही. राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. माफी मागायची, फुलं आणायची, वर्षभराचा नवा प्रकल्प सुरू करायचा. बायकोला होडी आवडली नाही, एवढंच, यावर काय करायचं ते त्यांच्या कोचनेही सांगितलं नव्हतं. ते धक्क्यावर उभे राहिले. मग म्हणाले, "पण मी विचारलं होतं सगळ्यांना." पुतणी म्हणाली, "डिड यू?" आणि सायकलची साखळी बघायला वाकली.

दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भावजींनी या प्रवासावर भाषण दिलं. मोठ्या पडद्यावर फोटो, मागे बासरी. कुरणं, गायी, सूर्यास्त. एका फोटोत दूर काठावर पिवळ्या कुर्त्यातल्या वहिनी चालताना दिसत होत्या. भावजी म्हणाले, "आणि संथ प्रवासाचं सौंदर्य हेच, की तुम्ही वाटलं तर उतरून चालूही शकता. आम्ही तसं ठरवलंच होतं."

वहिनी चौथ्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या होत्या, मांडीवर चकल्यांचा डबा.

"नव्हतं ठरवलं," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण हॉल लहान होता. "मी उतरून गेले होते."

लोक हसले. त्यांना वाटलं, नवरा-बायकोची जुगलबंदी. भावजीही हसले, माइकमध्ये. पुढचा फोटो आला, त्यात ते स्वतः होते. कार्यक्रमानंतर चार जणांनी त्यांच्याकडे त्या इंग्रजाचा नंबर मागितला. या समाजाचं काही होणार नाही असं मी त्या दिवशी पुन्हा एकदा ठरवलं.

आता भावजी कामावर जातात, अर्धवेळ. नवा झटका मधमाश्यांचा आहे, कापेलच्या गच्चीवर पेटी आली आहे. वहिनी त्या गच्चीवर जात नाहीत. दर रविवारी सकाळी त्या मेट्रो आणि गाडी करून आमच्याकडे फोरबर्गला येतात, चांगले बूट घालून, आणि आम्ही दोघी कालव्याच्या काठाने लायडस्खेनडामपर्यंत चालून येतो. त्यांची सोबत मोठी रंजक आहे असं नाही. त्या डेकेअरमधल्या पोरांबद्दल बोलतात, वॉशिंग मशीनच्या आवाजाबद्दल बोलतात, एखाद्या बागेतली फुलं बघून फार वेळ थांबतात. मला कंटाळा येतो, मी तसं सांगते. त्या म्हणतात, "मग तू हो पुढे," आणि खरोखरच थांबून राहतात. मी चार पावलं पुढे जाते, मागे वळून बघते. त्या कुंपणावरून वाकून कोणाच्या तरी डेलिया बघत असतात, आत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याशी मोडक्यातोडक्या डचमध्ये बोलत असतात, आणि तो त्यांना एक फूल तोडून देत असतो.